तुटक रेषांमधला हात

फोन आला तेव्हा मी ट्रॅममध्ये होते. मँचेस्टरच्या ट्रॅममध्ये कुणी मोठ्यानं मराठी बोललं की शेजारचे लोक एकदम खिडकीबाहेर बघायला लागतात, म्हणून मी हळूच "हॅलो" म्हटलं. पलीकडे बेसिंगस्टोकहून मॉरीनबाई होत्या, भाऊजींच्या शेजारी राहणाऱ्या. भाऊजी गेले होते. ड्रॉइंग बोर्डाजवळच्या खुर्चीत, बसल्या बसल्या. मॉरीनबाईंनी चार वेळा सॉरी म्हटलं आणि मग जरा अडखळत विचारलं, "पण तू परत कधी गेलीस? टेबलावर चहाचे दोन कप होते, मला वाटलं तू आली आहेस." मी दिवाळीनंतर त्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं...

मुकुंद भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, नलूताईचे यजमान. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, तिथून बेसिंगस्टोकच्या एका पेटंट फर्ममध्ये आले. कुणी काही नवं शोधलं की त्याच्या पेटंटसाठी चित्रं लागतात, ती भाऊजी काढत. कॉम्प्युटरवर काढणारी पोरं नंतर आली, पण पहिलं कच्चं चित्र भाऊजींनी हातानंच काढायचं, असा त्या ऑफिसचा शिरस्ता होता. आणि त्यांच्या वाट्याला काय यावं? पिस्तुलं! डास मारण्याआधी खिडकी उघडून त्याला निघून जायची संधी देणारा हा माणूस, आणि तोही अशा देशात, जिथे रस्त्यावरच्या पोलिसाच्या कमरेलाही पिस्तूल नसतं. खरं पिस्तूल त्यांनी जन्मात हातात धरलं नाही. अशिलाच्या कंपनीनं फोटो आणि नुसत्या प्लास्टिकच्या मुठी पाठवल्या होत्या, लहान, मध्यम आणि मोठी. त्या पिस्तुलाची गंमतच ती होती. आतला लोखंडी भाग अख्खा बाहेर निघायचा आणि ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाच्या मुठीत बसायचा. "मग यातलं पिस्तूल कशाला म्हणायचं?" मी एकदा विचारलं होतं. "आतल्या भागाला," भाऊजी म्हणाले. "नंबर त्याच्यावर असतो. बाकीची सगळी बॉडी बदलता येते. कायद्याच्या नजरेत ती काहीच नाही."

त्या चित्रांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्या भागावर तुमचा हक्क आहे, तो सलग रेषेनं काढायचा. जे फक्त समजण्यासाठी दाखवायचं आहे, आपल्या मालकीचं नाही, ते तुटक रेषांनी. म्हणून पिस्तूल सलग, आणि ते धरणारा हात तुटक. बाकीचे लोक असले हात कुठून तरी उचलतात, सगळे एकसारखे, मेणाचे असावेत तसे. भाऊजी मात्र खरा हात समोर बसवून काढायचे. मोठ्या मुठीसाठी ऑफिसातला एक दांडगा आयरिश माणूस होता. मधल्या मुठीसाठी त्यांचा स्वतःचा डावा हात. लहान मुठीचा हात कुणाचा, हे मला ताई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात कळलं.

ताई आजारी पडली आणि पन्नाशी गाठायच्या आत गेली. त्यानंतर मी पहिल्यांदाच तिकडे राहायला गेले होते. भाऊजी चहा टाकत होते आणि मी बोर्डावरचं चित्र बघत उभी होते. पिस्तूल धरलेल्या त्या तुटक रेषांच्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लहानपणी झोपाळ्याच्या कडीत सापडून ताईचं बोट मोडलं होतं, ते तसंच वाकडं जुळलं. त्या करंगळीला मी आयुष्यभर चिडवलं होतं.

"भाऊजी, हा ताईचा हात आहे."

"हो ना. स्मॉल साइझ." त्यांनी कप खाली ठेवले. "समोर बसायची आणि लाटणं धरायची. फार पेशन्सनं बसायची."

"लाटण्याच्या जागी काय येणार, ते तिला माहीत होतं?"

"होतं की. म्हणाली, अहो, तुटक रेषांत आहे ना? मग मी त्यात नाहीच."

हे अगदी ताईचं बोलणं. मला हसू आलं आणि रडूही. मी बोर्डापलीकडच्या, भाऊजींच्या समोरच्या खुर्चीत टेकायला गेले तर भाऊजी पटकन म्हणाले, "शुभा, तिथे नको गं. इकडे ये, उजेड आहे." उजेड तर त्या खुर्चीवरच पडला होता. मी इकडे येऊन बसले. टेबलावर कप मात्र तीन होते आणि आम्ही दोघंच होतो. सवय जाता जात नाही, असं म्हणून मी तिसरा कप सिंकमध्ये ओतला. तो अर्धाच भरलेला होता. ताई अर्धा कपच घ्यायची.

मग ते भांडण सुरू झालं. भाऊजींच्या अशिलाची कंपनी आणि दुसरी एक पिस्तुलवाली कंपनी भागीदारीसाठी एकदा एकत्र बसल्या होत्या. बोलणी फिसकटली, आणि काही दिवसांनी बघतात तर दोघांचीही पेटंटं सारखीच, आतला भाग तोच आणि बदलत्या मुठी त्याच. दोघंही म्हणायला लागले, त्या बैठकीत आमची कल्पना तुम्ही चोरलीत. चोराच्या उलट्या बोंबा नक्की कुणाच्या, ते ठरवायला खटला लंडनच्या कोर्टात गेला. आमच्या बाजूचा सगळा भार भाऊजींच्या पहिल्या कच्च्या चित्रावर होता. ते बैठकीआधीचं ठरलं तर जिंकलो. पण कच्च्या कागदावर तारीख घालायची नाही, ही भाऊजींची पिंपरीपासूनची खोड. कच्चं ते कच्चं, म्हणायचे. पक्कं झालं की तारीख.

ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, हा हात कुणाचा? भाऊजींनी भोळेपणानं सांगून टाकलं, माझ्या मिसेसचा. वकील आनंदानं उडालाच. ताई गेली बैठकीच्या आठवडाभर आधी. म्हणजे ती जिवंत असताना चित्र काढलं असेल, तर ते बैठकीआधीचंच. भाऊजींनी कोर्टात एवढंच सांगायचं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी बेसिंगस्टोकला गेले. भाऊजी पोळीचा एकच तुकडा चिवडत बसले होते.

"सिंपल आहे हो, भाऊजी," मी म्हटलं. "नुसतं यस म्हणायचं. तुमचा जॉब राहील, रिस्पेक्ट राहील. ताईच तुम्हाला वाचवतेय असं समजा."

"अगं, पण मला खरंच सेपरेट करता येत नाही."

"काय सेपरेट?"

"आधीचं आणि नंतरचं." ते माझ्याकडे बघत नव्हते, बोर्ड होता त्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. "तो कागद आठवतो. तिचा हात आठवतो. पण हॉस्पिटलच्या आधी की नंतर, ते... शुभा, ती नंतरही बसायची ना."

मला रागच आला, खरं सांगते. दुःखाला जागा द्यावी, पण नोकरी घालवण्याइतकी देऊ नये, असं मला तेव्हा वाटत होतं. मी त्यांना झोपायला पाठवलं आणि भांडी घासली.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. समोरच्या पक्षाचा बॅरिस्टर अगदी सभ्य माणूस होता, आवाजही न चढवणारा. चित्र आठवणीतून काढलं की बघून, त्यानं विचारलं. बघून, भाऊजी म्हणाले. तुमच्या पत्नी समोर होत्या? होत्या, खुर्चीत. आमचा वकील समाधानानं मागे टेकला.

"माफ करा, पण विचारणं भाग आहे," बॅरिस्टर म्हणाला. "तेव्हा त्या हयात होत्या?"

भाऊजी थांबले. इतके थांबले की बोलणं टाइप करणाऱ्या बाईंनी मान वर करून बघितलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही, की सांगायचं नाही?"

"मी शपथ घेतली आहे. ती समोर होती, हे मी शपथेवर सांगतो. त्यापुढचं मला खरंच माहीत नाही."

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं. ते चित्र पुराव्यातून गेलं, आमची बाजू हरली, आणि फर्मनं इंग्लिश माणसाला जमतं तितक्या गोडीनं भाऊजींना वेळेआधीच घरी बसवलं. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. ते मात्र मजेत होते. फोनवर बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि मग मी न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायचे. "हो, कढीपत्ता आणलाय," असलं काहीतरी. पुढची काही वर्षं अशीच गेली. मी विचारणं सोडून दिलं. माणूस सुखात असेल तर का विचारा?

गेल्या महिन्यात मी घर आवरायला गेले. मॉरीनबाईंनी ते दोन कप धुवून पालथे ठेवले होते. बोर्डावर एक कागद लावलेला होता, आणि त्यावर पिस्तूल नव्हतं. हात होता, खुर्चीच्या दांडीवर टेकवलेला. खुर्ची तुटक रेषांत होती. हात सलग रेषेत होता. करंगळी वाकडी, बोटात ताईची अंगठी. मी डोळे पुसले, म्हटलं, शेवटी भाऊजींनी हक्क सांगितला म्हणायचा. कोपऱ्यात तारीखही होती, कच्च्या कागदाला न घालायची ती तारीख, ते गेले त्याच दिवसाची.

मग मी नीट बघितलं. आमच्या आईच्या बोटांची पेरं पन्नाशीनंतर सुजली होती. माझी आता सुजायला लागली आहेत. ताईची सुजली नाहीत, ती त्याआधीच गेली. कागदावरच्या हाताची पेरं सुजलेली होती. मागच्या बाजूला शिरा वर आल्या होत्या आणि अंगठी बोटात जरा रुतली होती. आठवणीतून काढलेला हात असा म्हातारा होत नाही हो. मी माझा हात त्या कागदाशेजारी ठेवला आणि लगेच उचलला.

तेवढ्यात दान केलेलं जुनं सामान नेणाऱ्या चॅरिटी शॉपची व्हॅन आली. एक भला माणूस आत येऊन पटापट सामान उचलायला लागला. भाऊजींची खुर्ची नेली, टेबल नेलं. मग समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं विचारलं, "ही रिकामीच आहे ना?"

मला सांगता आलं नाही.