बुधवारी मेसमध्ये बोलायला बंदी

साळवीसरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. भांडत अर्थात मी एकटाच होतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मी कोल्हापूरहून रत्नागिरीला आलो, तो वसतिगृहात गावचाच कुणी सोबतीला मिळेल या भरवशावर. रेक्टर प्रा. विनायक साळवी यांनी मात्र एका जिल्ह्याचे दोघे एका खोलीत ठेवायचे नाहीत, असे ठरवून टाकले होते. माझ्या वाट्याला आला अलोऱ्याचा मंदार. तो जन्मतः कर्णबधिर.

"सर, ह्याला ऐकायला येत नाही," मी तक्रार केली.

"बरंच झालं की," सर शांतपणे म्हणाले. "तू घोरतोस, असं तुझे वडील आत्ताच सांगून गेले."

वेगवेगळ्या शाखांच्या, गावांच्या, मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या मुलांनी एका मजल्यावर एकत्र राहावे, जेवावे आणि एकमेकांना शिकवावे, ही सरांची कल्पना. कागदावर ती उत्तम होती. प्रत्यक्षात सगळे एकदम बोलत आणि मंदार कुणाकुणाचे ओठ वाचणार? कुणी त्याला दुखावले नाही. त्याच्यासाठी कुणी थांबलेही नाही. दिवाळीनंतर त्याने घरी कळवून टाकले, मला न्यायला या.

सरांनी त्याच्या वडिलांना फोन केला. "न्या हो खुशाल, पण बुधवारी संध्याकाळी या. जेवूनच जा."

मधल्या दिवसांत सर खुणांची भाषा शिकायला मंदारसमोर विद्यार्थी होऊन बसले. बांधकामशास्त्र शिकवणारी त्यांची जाड बोटे खुणांना काही वळेनात. "उद्या परीक्षा आहे" असे सांगायला गेले, ते "उद्या माझं लग्न आहे" असे झाले. मंदारने गंभीरपणे अभिनंदन केले. ही बातमी सरांच्या घरी पोहोचल्यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, एवढेच म्हणाल्या, "मला बोलावणार आहात ना?"

बुधवारी मेसच्या दारावर पाटी लागली: आज बोलायचे नाही, हवे ते खुणेने मागायचे. वाढायला मंदार. मी भात मागितला, लोणचे मिळाले. सरांना हवे होते बांगड्याचे कालवण. अंगठा कुठेतरी चुकत होता आणि दर वेळी पानात भोपळ्याची भाजी पडत होती. नियम स्वतःचाच, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. सर मुकाट्याने भोपळा खात राहिले. शेवटी मंदार पातेले खाली ठेवून इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्याने सरांचा अंगठा धरून नीट वळवला. कालवण आले.

दारात त्याचे वडील उभे होते. "हा घरीसुद्धा असा हसत नाही हो," ते म्हणाले. आवराआवर करून बांधलेली मंदारची बॅग सरांनी स्वतः उचलून परत वरच्या मजल्यावर नेली. वडील जेवून एकटेच अलोऱ्याला गेले.

पुढे दर बुधवारी तोच नियम चालला. अभ्यासातही मग बोलणारा आधी मंदारकडे वळून बोलू लागला. तपासणीला आलेल्या समितीने सरांना विचारले, "समावेशकतेसाठी आपण नेमके काय करता?" सरांनी त्यांना बुधवारी जेवायला बोलावले. समितीच्या अध्यक्षांना शेवटपर्यंत पापडाखेरीज काही मागता आले नाही. पण अभिप्राय चांगला दिला.

मंदार आज पूल बांधणाऱ्या कंपनीत अभियंता आहे, आणि मी सरांच्याच हाताखाली शिकवतो. स्वतःबद्दल बोलायला सरांना आवडत नाही. साठीनिमित्त शाल द्यायचे ठरले, तेव्हा ते म्हणाले, "रत्नागिरीच्या उकाड्यात शाल कुणाला घालता, मेल्यांनो? पंखा द्या." आम्ही दोन्ही देणार आहोत.

सरांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, काकूंची साथ लाभो. निवृत्तीनंतर ते मालगुंडच्या घरी राहायला जाणार आहेत. तिथे बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या दोन भावकींना एका पंगतीला बसवायचे त्यांनी आत्तापासूनच मनावर घेतले आहे. देव त्या भावकींनाही उदंड आयुष्य देवो, कारण सर काही माघार घेणार नाहीत.