पटावर अठरा, बाकावर एक

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. डॉक्टरांकडे पेशंटचे जमतात, बँकवाल्यांकडे गिऱ्हाइकांचे. आमचेही जमतात हो, फक्त सांगताना हसू घशात अडकतं. गेली बारा वर्षं मी अमरावतीहून मूर्तिजापूरच्या एका कॉलेजात अप-डाऊन करतोय, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी नवी ऑर्डर. पटावर मुलं असली तर विषय राहणार, विषय राहिला तर मी.

*

पहिल्याच वर्षी मी फळ्यावर लिहिलं, 'माणूस हा विवेकशील प्राणी आहे.' शिपाई गजाननभाऊ खडूचा डबा घेऊन आले होते. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"सर, अमरावतीची गाडी स्टँडवर लागताना पाह्यली का तुमी कधी?"

पाहिली होती. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे पाहिले होते, पिशवी टाकणारे पाहिले होते, आणि एकदा तर नातवालाच आत ढकलणारे आजोबा पाहिले होते. त्या नातवाला उठवून बसलेला माणूस मीच होतो. पण वाक्य काही मी पुसलं नाही. ते परीक्षेला येतं.

*

पुढे तर्कशास्त्र. मुलांना जवळचं वाटावं म्हणून मी उदाहरण घेतलं : सर्व माणसं मर्त्य आहेत, गावचा सरपंच माणूस आहे, म्हणून सरपंच मर्त्य आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सरपंच माणूस हाये हे कोनं ठरोलं?"

वर्ग खो-खो हसला. तेव्हा हसायला वर्गात मुलं होती. मग कोणी आयटीआयला गेलं, कोणी नर्सिंगला, कोणी पोलीस भरतीच्या मैदानावर. आमच्या विभागप्रमुखांनी त्यावर तोड काढली. बी.ए.च्या फॉर्मवर मुलांचा विषय आपणच भरायचा आणि न येणाऱ्यांची हजेरीही आपणच लावायची. मुलांची काही तक्रार नव्हती. माझीही नव्हती.

*

असाच पटावरचा एक मुलगा टीसी मागायला आला. विभागप्रमुखांनी रजिस्टर उघडलं आणि हळहळले. एवढी चांगली हजेरी असलेला मुलगा सोडून कसा चाललास, म्हणाले.

"सर, मी तं दोन वर्सापासून पुन्याले कंपनीत हाये."

सरांनी पुन्हा पट पाहिला. कालचाही 'पी' होता. "मग काल कोण आलं होतं?" त्यांनी मला दरडावून विचारलं. त्यांना खरोखर राग आला होता. मी मान खाली घातली, कारण 'पी' मीच लावला होता, त्यांच्याच सांगण्यावरून.

*

खरी येणारी एकच, वैष्णवी. घरची फुलशेती. सकाळी वडिलांना झेंडू तोडू लागायची आणि एसटीने अकराच्या तासाला हजर. 'ज्ञान म्हणजे काय' या प्रश्नाला तिने लिहिलं, की कळीला बोट लावून बाबा सांगतात ही परवा उमलेल, आणि ती उमलते. पण बाबांना हे कसं कळतं ते बाबांनाही सांगता येत नाही, मग याला ज्ञान म्हणायचं का?

बारा वर्षांत इतकं चांगलं उत्तर मी वाचलं नव्हतं. मी दहापैकी चार दिले. मॉडेल आन्सरमध्ये झेंडू नव्हता.

*

यंदा विद्यापीठाची कमिटी आली. विषय ठेवायचा की बंद करायचा, ते वर्ग पाहून ठरणार होतं. आदल्या दिवशी मी वैष्णवीला सांगितलं, कोणी विचारलं तर रोज अठरा जण येतात म्हण.

"काहून सर?"

"नाहीतर माझं काम जाईल."

तिने वही मिटली आणि एसटी गाठायला निघाली.

सकाळी कॉमर्समधून सतरा मुलं आणून बसवली. कमिटीचे अध्यक्ष आले, वर्ग भरलेला पाहून खूश झाले आणि विचारलं, "सत्य म्हणजे काय, कोण सांगेल?" सतरा माना खाली गेल्या. वैष्णवी उठली. पाहुण्यांसमोर ती अगदी पुस्तकी मराठीत, जपून बोलली.

"जे जसं आहे, तसंच सांगणं."

"छान. एखादं उदाहरण?"

"या वर्गात रोज मी एकटीच असते. बाकीचे कॉमर्सचे आहेत."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. हुशार मुलगी आहे सर, म्हटलं, जरा मस्करी करते. मग विभागप्रमुख हसले, अध्यक्ष हसले, कॉमर्सची सतरा पोरं हसली. वैष्णवी उभीच होती. विषय वाचला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या तासाला वर्गात कोणीच नव्हतं. मी रजिस्टर उघडलं आणि वैष्णवीच्या नावापुढे 'पी' लावला.