मामूंनी निवडलेला स्टॉपर

दाऊदमामू कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी तिला पान्याने ठोकून बघत. खुर्ची, खाट, मेसचं बाकडं, संडासाचा दरवाजा, सगळ्याला आधी एक टण्. आवाज पसंत पडला की मग पुढचं. आमच्या सौदीतल्या जुबैलच्या कॅम्पात एक नवा बंगाली आचारी आला, तो पहिल्या दिवशी सलाम करायला पुढे झाला, तर मामूंनी म्हणे त्याच्याही खांद्यावर टण् केलं आणि म्हणाले, "ठीक हाय, टिकेल." मी तिथे नव्हतो, पण ज्याने सांगितलं तो माझ्याइतकाच खरं बोलणारा माणूस होता.

मामू परांची बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. कारखान्यांचे उंच टॉवर दुरुस्त करायचे तर आधी त्यांच्याभोवती पाइप आणि क्लॅम्पची परांची उभी करावी लागते. ती मामूंची टोळी बांधायची, आणि मग आम्ही वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन तिच्यावर चढून आपापली कामं करायचो. तिथून खाली बघितलं की कंपनीची बस साबणाच्या वडीएवढी दिसायची, आणि हवा स्वच्छ असली तर मला माझं चिपळूणचं घर, अंगणातली तुळस आणि तिला पाणी घालणारी बायको हे सगळं दिसायचं. अठरा वर्षांत मामूंच्या परांचीवरून एकही माणूस पडला नव्हता. एकदा एक पक्कड पडली होती. त्या दुःखात मामू दोन दिवस जेवले नव्हते.

ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. अंगाने सुकट, दाढी मात्र भरघोस. मल्याळी, पठाण, फिलिपिनो, आमचे घाटावरचे, सगळे त्यांना मामूच म्हणत. खुद्द कफील, म्हणजे आमचा व्हिसा काढणारा अरब मालक, तोसुद्धा कागदावर सही करताना "यल्ला, मामू" म्हणायचा. नात्याने खरा भाचा त्यांना एकच होता, सलीम. ही गोष्ट त्याच्याचपायी घडली.

आता मामूंचा आणि फुटबॉलचा संबंध सांगतो. कॅम्पाकॅम्पांत दरवर्षी शील्ड असायची. आमच्या मैदानाचे गोलपोस्ट मामूंनी परांचीच्या पाइपांचे बांधले, ते असे की चेंडू आपटला तर चेंडूच फुटावा. तेवढ्या पुण्याईवर टॉमसाहेबांनी, म्हणजे आमच्या गोऱ्या कॅम्प बॉसने, त्यांना टीमचे मॅनेजर करून टाकलं. मामूंना खेळातलं काय कळत होतं? ऑफसाइड म्हणजे काय हे मी त्यांना सात वर्षं समजावत होतो. सातव्या वर्षी ते म्हणाले, "म्हणजे तो माणूस चुकीच्या ठिकाणी उभा हाय. मग त्याला आधीच कोणी सांगत का नाय?"

त्या साली इराकने कुवेत गिळलं आणि आमच्या डोक्यावर लढाई आली. बंदरात अमेरिकन सैन्य उतरलं, खोल्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या आणि माणशी एकेक गॅसचा मुखवटा मिळाला. दाढी असेल तर मुखवटा घट्ट बसत नाही, असं साहेबांनी बजावलं. मामू म्हणाले, "साहेबांना सांग, गॅस आला तर मी श्वासच घेणार नाय." टॉमसाहेबांनी शील्ड मात्र चालू ठेवली. माणसं रिकामी बसली की रेडिओ ऐकतात आणि रेडिओ ऐकला की बॅगा भरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी आमचा स्टॉपर कुरियन गेलाच. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध उभा राहून समोरच्याला अडवणारा गडी. कुरियन हा त्यातला वाघ. पण कुवेतची बातमी ऐकून तो एक्झिटचा शिक्का मारून पहिल्या विमानाने असा गेला की त्याची सावली आठवडाभर कॅम्पात फिरत होती.

त्याच सुमाराला सरहद्दीजवळचा आमच्याच कंपनीचा एक कॅम्प बंद झाला. तिथले चाळीस जण वळकट्या घेऊन आमच्या करमणुकीच्या हॉलमध्ये येऊन पडले. त्यात सलीम होता. सहा फूट उंच, देखणा, सदा हसणारा. मामूंनी खटपट करून त्याला चारच महिन्यांपूर्वी तिकडे चिकटवला होता. कारण गावाकडे त्याची सोयरीक ठरत होती, आणि मुलीकडच्यांची अट एकच होती, नवरा सौदीत पाहिजे. सलीमची आई हलीमाबी ही मामूंची एकुलती बहीण. तिचा एकुलता मुलगा हा.

साहेबांनी मामूंना बोलावून सांगितलं, "तुझ्या टोळीत एक जागा आहे. या चाळिसांतून एक माणूस निवड, त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, आपल्याकडे घेऊ. पण मला तो स्टॉपर हवा. बाकीचे शनिवारच्या विमानाने घरी."

ही बातमी हॉलमध्ये पोचली आणि चाळिसांपैकी एकोणचाळीस जण जन्मजात स्टॉपर निघाले. चाळिसावा झोपला होता. सराव सामने घेऊन घेऊन दोन नावं उरली. एक सलीम, दुसरा दगडू माने.

दगडू सांगलीकडचा. बुटका, रुंद, आणि कायम घाबरलेला. चहा गरम आहे का हे तो दुसऱ्याला पिऊन बघायला सांगायचा. चेंडूत मात्र त्याचा पाय बरा पडायचा.

मेसमध्ये तीन दिवस दुसरा विषय नव्हता. लढाई बाजूला पडली.

"सलीमची उंची बघा," मी म्हणालो. "कॉर्नरचा चेंडू तो वरच्या वर खुडतो, नारळासारखा."

"उंच माणूस वळायला वेळ लावतोय," वेल्डर शिंदे म्हणाला. तो कराडचा, म्हणून दगडूचा. "माझा दगडू बघ, जागच्या जागी फिरतोय."

"फिरतोय कसला, पळायला वाट शोधतोय!"

"तरी डावा पाय सलीमचाच," गोलकीपर जॉर्ज म्हणाला. आपल्यापुढे कोण उभा राहणार, याची काळजी त्याला सगळ्यांत जास्त.

मामू आमटीत पोळी बुडवून ऐकत होते. "उंची, पाय, वेग, सगळं बोललात," ते म्हणाले. "माणूस कसला हाय, ते कोण बोलणार?"

"मामू, भाचाच तो तुमचा. तुम्हाला ठाऊक नाही होय?" मी विचारलं.

"भाचा हाय म्हणून तर बघायला पाहिजे."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शेवटचा सराव ठेवला. उन्हात वाळू अशी तापली होती की चेंडू टप्पा घेताना चुरचुरायचा. दहा मिनिटं झाली असतील, तोच भोंगा वाजला. भर दिवसा. तो खरा होता की चाचणीचा, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मुखवटे मेसमध्ये, आम्ही मैदानात. जी पळापळ झाली तिच्यात मी जगातल्या कुठल्याही स्पर्धेत बसेन असा धावलो, तरी दगडू माझ्यापुढे होता. तो पाण्याच्या टाकीखालच्या सिमेंटच्या खोलीत शिरला आणि आतून ओरडायला लागला, "या, या, लवकर या! दार मी धरलंय!"

आणि सलीम? सलीम गोलपोस्टच्या आडव्या पाइपावर चढला होता. मुखवटा नाही, काही नाही. तिथे हात सोडून तो उभा राहिला, कपाळावर हात धरून उत्तरेकडे बघितलं आणि हसत ओरडला, "मामू, काय पण दिसत नाय! तुम्ही उगाच पळता!"

भोंगा थांबल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. शिंदेसुद्धा पघळला. "वाघ आहे पोरगा," म्हणाला, "आपला दगडू काय, उंदीर." मामू मात्र गोलपोस्टपाशी उभे होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं भोंग्याने.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी त्यांनी साहेबांना नाव दिलं. दगडू माने.

कॅम्पात जो ओरडा झाला तो बगदादला ऐकू गेला असणार. मामू बाकड्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "स्टॉपर भित्रा पाहिजे. भित्र्याला बॉल लांबून दिसतो. मी मॅनेजर हाय. खलास."

सलीम त्यांच्यासमोर आला. तेव्हा मात्र तो हसत नव्हता.

"मामू, माझं काय चुकलं ते तरी सांगा. अम्माला काय सांगू?"

"सांग, मामू येडा हाय."

"ते सांगीनच. पण कारण?"

"तुझा डावा पाय कच्चा हाय."

अख्ख्या आखातात तसला डावा पाय दुसरा नव्हता. सलीमने वळकटी उचलली आणि दहराण विमानतळाच्या बसमध्ये जाऊन बसला. मामू खिडकीपाशी गेले, तर त्याने काच वर केली. महिन्याभरात पत्र आलं. सोयरीक मोडली होती. "फुटबॉलपायी तू माझ्या मुलाला परत धाडलास," असं हलीमाबीने लिहून घेतलं होतं, "आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." तिचं दार आणि मामूंचं दार, मध्ये एक गल्ली.

आणि सामना? सामना आम्ही पाच-शून्य हरलो. मी आयुष्यात फुगवून न सांगितलेला हा एकच आकडा. दगडूला चेंडू लांबून दिसत होता हे खरं, पण दिसला की तो बाजूला व्हायचा. पाचव्या गोलच्या वेळी तर त्याने समोरच्या फिलिपिनोला अशी वाट करून दिली, जशी लग्नात व्याह्याला देतात. जॉर्ज गोलमध्ये बसून रडला. आचाऱ्याने आठवडाभर मामूंना डाळीतलं नुसतं पाणी वाढलं. मामू ते चवीने प्यायले.

पुढे लढाई संपता संपता एकदा मी आणि मामू टॉवरवर होतो, चाळीस मीटरवर. उत्तरेकडे कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराने आभाळ काळवंडलं होतं. आमच्या डोक्यावर दगडू क्लॅम्प आवळत होता. त्याने पट्टा दोन ठिकाणी अडकवला होता, आणि तरीही एक हात पाइपाला सोडत नव्हता. मी न राहवून म्हणालो, "मामू, कसला स्टॉपर निवडलात हो हा!"

"स्टॉपर कोणी निवडला?" मामू म्हणाले. "जागा माझ्या टोळीत होती. म्हणजे माणूस इथे चढणार होता. मैदानात दीड तास, इथे दहा वर्षं. त्या दिवशी पाइपावर हात सोडून उभा राहिला ना, तेव्हाच मी त्याला इथून पडताना बघितला. न घाबरणारा माणूस मी वर घेत नाय, पवारा. आजवर नाय घेतला. बहिणीचा म्हणून कसा घेऊ?"

"मग हे तिला सांगा की!"

"काय सांगू? तुझा मुलगा कामाला नालायक? गावभर होईल ते. मग त्याला कोण मुलगी देतो? मामू येडा ठरला तर काय बिघडलं? मामूची सोयरीक झालेली हाय." आणि मग, खाली बघत, "तू तोंडाचा सैल. हे बोललास तर परांचीवरनं ढकलीन. तू माझा पहिला पडलेला माणूस."

मी नाही बोललो. माझ्यासारख्याने तोंड मिटून ठेवणं म्हणजे काय, हे माझ्या बायकोला विचारा. दगडू त्या टोळीत अकरा वर्षं टिकला आणि त्याच्या हाताखालून एक पक्कडसुद्धा पडली नाही. मामू त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेले. दर ईदला ते गल्लीपलीकडे शिरखुर्मा पाठवत आणि दर ईदला तो तसाच परत येई.

ते वारल्याचं मला उशिरा कळलं. गावी गेलो, त्यांच्या बायकोला, जैनबमामीला भेटलो आणि मग गल्ली ओलांडून सलीमकडे. तो आता पोट सुटलेला, तीन मुलांचा बाप. बोटींच्या इंजिनांचं दुकान चालवतो, जमिनीवर. एका हाताची दोन बोटं त्याने पंख्यात घालून गमावलीत. "पंखा थांबलाय असं वाटलं," तो हसून म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. टॉवर, दगडू, मामू काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. भिंतीशी हलीमाबी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली असेल.

सलीमने भिंतीशी बसलेल्या आईकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "आणि तो सामना? किती गोल खाल्ले त्याने?"

"पाच."

"पाच!" तो हसायला लागला. हसता हसता त्याने त्या तीन बोटांच्या हाताने डोळे पुसले. "अरे, मी असतो तर दोनच झाले असते."

"एक," मी म्हणालो.

हलीमाबी भिंतीला धरून उठली. "माझा भाऊ लहानपणापासून असाच," ती कुणालाच उद्देशून म्हणाली. "मार स्वतः खायचा आणि नाव कुणाचं घ्यायचा नाय." मग तिने डोक्यावरून ओढणी घेतली, चपला शोधल्या आणि सलीमला म्हणाली, "बसलास काय? हात धर माझा. जैनबकडे जायचंय."