अकराची तालीम

टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी आई चपला घालेना. बाबा माझी मोठी बॅग घेऊन खाली उतरले होते. मी म्हटलं, "चल ना, उशीर होतोय." तर ती दाराची कडी धरून म्हणाली, "अकराला तालीम आहे. मी काय येत नाही एअरपोर्टला. पोचलीस की फोन कर." एकुलती एक मुलगी नर्स म्हणून जर्मनीला निघाली होती आणि हिला नाटकाची तालीम! बेलवलीतल्या घरापासून विमानतळापर्यंत मी बाबांशी धड बोलले नाही. आईचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता.

कारण त्या नाटकात आईची गोष्ट मी करणार होते. बदलापुरातल्या आम्ही दहा-बाराजणींनी मिळून ते गाण्यांचं नाटक रचलं होतं. लेखक कोणीच नाही. प्रत्येकीने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची आणि ती स्टेजवर दुसरीने करायची. हा नियम नलिनीताईंचा. त्या कुळगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे नियम म्हणजे नियम. "स्वतःची गोष्ट करायला लागली की बाई एक तर रडते, नाहीतर आपलीच बाजू मांडत बसते," असं त्या म्हणायच्या.

आईची गोष्ट छोटी होती. मी लहान असताना ती उल्हासनगरच्या एका कारखान्यासाठी घरी पँटी शिवायची आणि मशीनच्या पायडलच्या तालावर स्वतः जुळवलेलं गाणं म्हणायची, 'सुई गेली पुढं, दोरा माझ्या हाती'. एकदा तिला मुंबईत गाण्याच्या ऑडिशनचं बोलावणं आलं. नेमक्या त्याच सकाळी कारखान्याच्या शेठाणी, आमच्या कविता आंटी, पँटींचा लॉट घेऊन दारात. सगळ्या चेन वाकड्या, उसवून, नीट शिवून आजच परत हव्यात! आई ऑडिशनचं नाव न काढता मशीनवर बसली. त्यानंतर ती घराबाहेर कधी गायली नाही.

आणि आता प्रयोग आठ दिवसांवर आलेला असताना माझी जॉइनिंगची तारीख आली. आधी तिच्या आड पँटी आल्या होत्या, या वेळी मी आले.

श्टुटगार्टला पोचल्यावर मी सगळे संवाद व्हॉइस नोट करून तिला पाठवले. मला वाटलं, गोष्ट तिचीच आहे, तीच करेल. तिचं उत्तर आलं, "नियम माहितीये ना तुला? कोणी मिळाली नाही तर ताई तो सीन काढणारेत. काढू दे. तू जेवलीस का?" मी तेव्हा आनमेल्डुंगच्या, म्हणजे राहण्याचा पत्ता नोंदवायच्या रांगेत उभी होते. नंबर आला तेव्हा माझा अवतार बघून खिडकीतल्या बाईंनी आधी टिश्यू पुढे केला आणि मग फॉर्म मागितला.

पुढचं नलिनीताईंनी फोनवर सांगितलं. कविता आंटींचा कारखाना कधीच बंद झाला होता आणि त्या आमच्या नाटकाचे कपडे शिवून द्यायच्या. एका तालमीला त्या सुईदोरा घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. आईचा सीन काढायचा का, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा त्यांनी गोष्ट पहिल्यांदा पूर्ण ऐकली आणि उठून उभ्या राहिल्या. "मी करते ना. तो लॉट मीच तर वापस आणला होता. इतने साल हिने मला सांगितलंच नाही, त्या दिवशी हिला कुठे जायचं होतं!" मग शेठाणी कोण करणार? आई! स्वतःला सोडून दुसरं कोणी करायला नियमाची आडकाठी नव्हती.

प्रयोगाचा व्हिडिओ मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये बघितला, जेवणाच्या पाउझेत, म्हणजे मधल्या सुट्टीत. आई आंटींचा पंजाबी ड्रेस आणि गॉगल घालून दारात उभी राहून अशी काही झापत होती की पब्लिक हसून लोळत होतं. मग आंटी मशीनवर बसल्या, पायडल मारू लागल्या, गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला अडकल्या. नुसतं मशीन चालत राहिलं. तेवढ्यात दारातल्या शेठाणीने गॉगल काढला आणि ओळ उचलली. आईने पूर्ण गाणं म्हटलं, भरलेल्या हॉलसमोर, आणि नियमही मोडला नाही. मी पाव हातात धरून ढसाढसा रडले. कविता आंटी, तुम्ही खरंच विसरलात की मुद्दाम थांबलात, हे मी कधी विचारणार नाही. तुमचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

त्याला तीन वर्षं झाली. इथे हॉलसाठीही आधी टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, घ्यावं लागतं, म्हणून आम्ही दर शनिवारी दोन ते चार एका चर्चच्या तळघरात जमतो. बहुतेक नर्सच आहोत, मराठी, मल्याळी, एक पोलिश. नाटक तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये, पण नियम नलिनीताईंचाच. माझी पाळी आली तेव्हा मी घर सोडल्याची सकाळ सांगितली. मी म्हणून केरळची लिसी उभी राहिली आणि आईचं काम माझ्याकडे आलं.

ते नीट करावं म्हणून आईला फोन केला. "मी गेल्यावर त्या दिवशी तालमीत काय काय केलंत गं?"

"तालीम कसली? मंगळवार होता. मंगळवारी हॉल बंद असतो."

मंगळवारची सुट्टी माझ्याही लक्षात आली नव्हती, त्या गडबडीत. "मग काय केलंस?"

"काय करणार? मशीनवर बसले." मग ती म्हणाली, "एअरपोर्टला आले असते तर तुला सोडलं नसतं मी."

गेल्या शनिवारी आमचा प्रयोग झाला. ते एक वाक्य मी मराठीतच ठेवलं होतं. "अकराला तालीम आहे," मी म्हणाले आणि लिसी रागारागाने बॅग ओढत निघून गेली. मी दार लावलं. मशीनवर बसले, पायडलवर पाय ठेवला आणि गाणं म्हटलं. तीन वर्षांपूर्वी टॅक्सीत बसलेली मी या शनिवारी पहिल्यांदा आईजवळ घरात थांबले.