कोपरखैरण्याचा चेलो

विमानतळावरच्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "मॅम, हे केबिनमध्ये नाही जाणार. लगेजमध्ये द्यावं लागेल." माझ्या आधी आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी एकोणीस वर्षांची होते. चेलो शिकायला जर्मनीला निघाले होते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं, माझ्या खांद्याएवढं उंच वाद्य.

"फेकत्यात ते," आप्पा म्हणाले. "मी काय करतो रोज? मला म्हाईत हाय."

आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. ट्रकमधून उतरवलेली पोती पाठीवरून गाळ्यात नेऊन टाकायची, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांनी रांगेतून पेटी बाजूला ओढली, भर विमानतळावर फरशीवर उघडली आणि आईने माझ्या बॅगेत कोंबलेली गोधडी काढून चेलोच्या मानेभोवती, खालच्या पोकळीत, जिथे जिथे हादरा बसेल तिथे तिथे ठासून भरली. मागची माणसं कुरकुरत होती. आई म्हणत होती, "अहो, लोक बघत्यात." आप्पांनी वर पाहिलंच नाही. पेटी बंद केल्यावर ती दोन्ही हातांनी हलवून कानाशी नेली. आत काही हलत नाही अशी खात्री झाली, तेव्हा मला म्हणाले, "जा आता."

निरोप तेवढाच. चेलो शाबूत पोचला. मी मात्र बरीच वर्षं पोचत राहिले.

साताऱ्याकडचं आमचं कुटुंब कोपरखैरण्यातल्या माथाडींच्या वसाहतीत राहायचं. शाळेत लोबो मिस नावाच्या संगीताच्या बाई होत्या. व्हायोलिन सगळ्यांना हवं असायचं. कोपऱ्यात पडलेला जुना चेलो घरी न्यायला कुणी तयार नसायचं, कारण तो रोज वाहायचा कुणी? आप्पांनी मिसना विचारलं, "वझं हाय, एवढंच ना? मग आमाला जमंल." पहिलं वर्षभर तेच तो खांद्यावर घेऊन माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले. एका खोलीत मी सराव करायचे तेव्हा आवाज भिंतीपलीकडे जायचा. शेजारच्या बोनकोडे गावातली मासळीवाली मावशी दारात टोपली टेकवून एकदा म्हणाली, "कोन रडतंय गो तुज्या घरान?" आईने चेलो दाखवला. मावशी तिथेच बसली, पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "रडू दे. बरा वाटतं."

त्यानंतर इतक्या सभागृहांत वाजवलं, पण एवढा सरळ अभिप्राय पुन्हा मिळाला नाही.

तिकडे जर्मनीत पहिली दोन वर्षं मी फक्त बो, म्हणजे चेलोचा गज, धरायला शिकत होते. घरून जे शिकून गेले होते ते सगळं विसरायला लावलं गेलं. मग ऑडिशन्स, पडद्याआड बसून द्यायच्या, म्हणजे परीक्षकांना तुमचा रंग दिसत नाही. पडदा सरकला की दिसायचा. "भारतातून? मग सतार का नाही?" हा प्रश्न मला तीन खंडांत, सात-आठ भाषांत विचारला गेलाय. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता हसते आणि पुढचं वाजवते.

तुमच्यापैकी जे घर सोडून गेलात त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात, त्यांना माझे फोटो दिसतात: काळा ड्रेस, फुलं, उभे राहून टाळ्या वाजवणारे लोक. फोटोंच्या मधलं दिसत नाही. आमची चौघा वादकांची चौकडी आहे, वर्षातले कितीतरी महिने आम्ही सुटकेसमधून जगतो. उरलेल्या दिवसांत मी कॉलेजात शिकवते. कोरियातली एक विद्यार्थिनी, नॉर्वेतला एक, कुणी समोर, कुणी स्क्रीनवर. मी दिवसभर एकच वाक्य बोलते: खांदा सोड, खांदा सैल सोड. माझा स्वतःचा डावा खांदा मात्र गेली सहा वर्षं सैल झालेला नाही. हॉटेलात जाग आली की शहर कुठलं हे पडद्यांच्या रंगावरून आठवावं लागतं. विमानात आता चेलोसाठी माझ्या शेजारची वेगळी सीट असते. एअर होस्टेसने पहिल्यांदा त्याला पट्टा बांधला, तेव्हा मला आप्पांना हे सांगावंसं वाटलं. सांगितलंही. ते खूप हसले होते.

तोपर्यंत आप्पा निवृत्त होऊन कामोठ्याला माझ्या धाकट्या भावाकडे, संतोषकडे, राहायला गेले होते. लिफ्ट असलेली सोसायटी, खाली बाक. आप्पा लिफ्ट वापरायचे नाहीत. रिकाम्या हाताने लिफ्टमध्ये उभं राहायला लाज वाटते म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना एका दुपारी संतोषचा फोन आला.

"ताई, आप्पांना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आलाय. उजवी बाजू गेली. बोलणं गेलंय. डॉक्टर म्हणतात जीवाला धोका नाही."

एवढ्या वाक्यांतलं मी फक्त शेवटचं उचललं. आमचे चार कार्यक्रम उरले होते. मी गेले तर बाकीच्या तिघांचेही गेले असते. मी विचारलं, "संतोष, रविवारपर्यंत थांबलं तर चालेल का रे?"

तो म्हणाला, "तू ठरव."

मी ठरवलं. चारही कार्यक्रम केले. चांगले झाले, हे सांगायची मला आजही शरम वाटते. सोमवारी कामोठ्याला पोचले, तेव्हा आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मला ओळखलं. तोंड हललं, पण शब्द फुटला नाही. आई म्हणाली, "पहिले दोन दिवस दाराकडं बगायचे." ती मला टोचायला बोलली नाही. आईला तसं बोलताच येत नाही.

पुढची अडीच वर्षं आप्पा तसेच होते. जमेल तेव्हा मी यायचे, त्यांना भरवायचे, दाढी करायचे. एका सकाळी मी पलंगाच्या कडेला पाठमोरी बसून टॉवेल घड्या करत होते. मागून त्यांचा डावा हात माझ्या डाव्या खांद्यावर आला. अंगठा थोडा चाचपडला आणि मानेखालच्या एका जागी घट्ट रुतला. तीच जागा. फिजिओथेरपिस्ट तिच्या आसपास फिरत राहतात, त्यांना नेमकी सापडत नाही. आप्पांना मी कधी सांगितलं नव्हतं की दुखतं. चाळीस वर्षं खांद्यांवर काढलेल्या माणसाला कदाचित माझ्या बसण्यावरूनच कळलं असेल. ते दाबत राहिले, त्यांचा हात दमेपर्यंत. मी वळले नाही, कारण मला रडू येत होतं, आणि वळले असते तर त्यांनी हात काढला असता.

त्यांनी मला माफ केलं का, हे विचारायची सोय नव्हती. तो अंगठा म्हणजे उत्तर होतं असं मानायला आवडेल, पण मी मानत नाही. बापाने पोरीचा दुखरा खांदा दाबला, इतकंच ते होतं. गेल्या पावसाळ्यानंतर आप्पा गेले. त्या वेळी मी जवळ होते.

या जानेवारीत मी पुन्हा आले, या वेळी चेलो न घेता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संतोषची बायको सुनीता दार उघडून माझ्या मागे बघायला लागली. "पेटी कुठंय, ताई?" नाही आणली म्हटल्यावर तिने आतल्या खोलीत अंथरूण घातलं.

संध्याकाळी गॅलरीत संतोष आणि मी दोघेच होतो. तीन वर्षं बोलायचं राहिलेलं मी शेवटी बोलले. "संतोष, तेव्हा मी यायला हवं होतं."

मला वाटलं तो म्हणेल, जाऊ दे, टेन्शन घेऊ नकोस. तो म्हणाला, "हो ताई. यायला हवं होतंस. मी एकटा होतो." मग माझ्या हातातला कप बघून म्हणाला, "थांब, गार झाला असेल. दुसरा आणतो."

त्या एका 'हो'ने मी इतकी हलकी झाले की मला आधी कळलंच नाही काय झालं ते. दुसऱ्या दिवशी जेवल्यावर आडवी झाले ती झोपलेच. मध्ये अर्धवट जाग आली, तेव्हा बाहेर माझा फोन वाजत होता. आमच्या चौकडीचा मॅनेजर होता, जर्मनीहून, हे नंतर कळलं. आईने फोन उचलला. पलीकडून तो इंग्रजीत काहीतरी बोलत असावा. आई शांतपणे मराठीत म्हणाली, "झोपलीय ती. दमलीय. उठली की सांगते." आणि ठेवून दिला.

माझा पासपोर्ट आता दुसऱ्या देशाचा आहे. विमानतळावर मी परदेशी नागरिकांच्या रांगेत उभी राहते. जगात जिथे जाते तिथे लोक म्हणतात, काहीतरी वाजवा. कामोठ्याच्या त्या दोन खोल्यांत मला कुणी वाजवायला सांगत नाही. तिथे माझी चूक झाली तर 'हो, झाली' म्हणणारा भाऊ आहे, आणि मी झोपले तर जगाला थांबवून ठेवणारी आई. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच. आई सत्तरीच्या पुढे गेलीय, हे फार वर्षं असं राहणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या दुपारी मात्र मी कूस बदलली आणि परत झोपले.