तीन वर्तुळं

कलबुर्गीला एमसीए करत होते तेव्हाची गोष्ट. मी औरादची, माझी रूममेट हुमनाबादची. वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून खोली, डबा, गावी जायची बस, सगळं एकत्र.

लॅबमध्ये ऑटोमाटा, म्हणजे शब्द नियमात बसतो का ते तपासणारी कागदावरची यंत्रं, शिकायचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात वर्तुळं काढायची, बाणांनी जोडायची, बाणांवर अक्षरं लिहायची. मग एखादा शब्द दिला की तो एकेका अक्षरानं पुढं सरकायचा आणि नियमात बसतो की नाही ते शेवटी कळायचं. सरांनी नियम दिला: अक्षरं फक्त a आणि b, a सम वेळा यावा, शेवट b नं व्हावा.

बाकीच्यांच्या आकृतीत चार-पाच वर्तुळं होती. आम्हा दोघींच्या तीनच. वर्तुळांचे क्रमांक तेच, मांडणीही तीच. सर आवाज न चढवता म्हणाले, "कुणी कुणाचं उतरवलं ते सोमवारी सांगा. नाहीतर दोघींना शून्य."

मी उतरवलं नव्हतं. म्हणजे तिनंच उतरवलं, हे मी जिना उतरतानाच ठरवून टाकलं. प्रिंट काढायला माझा पेनड्राइव्ह तिनं नेला होता. ती फोन घेऊन बाहेर गेली की वाटायचं, माझ्याबद्दलच बोलायलीय. मी लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. वह्या बॅगेत घालून कुलूप लावलं. ते तिनं पाहिलं.

"कामून बोलंनास गं?"

"कुठं काय."

"माझ्यावर डाऊट हाय का तुझा?"

मी "न्हाई" म्हटलं नाही.

रविवारी पुरावा म्हणून माझी मूळ फाइल उघडली. तिच्यात पाच वर्तुळं होती. मग आठवलं, सॉफ्टवेअरमधलं आकृती लहान करायचं बटण मी शेवटी दाबलं होतं. एकच काम करणारी वर्तुळं ते एकत्र करतं, क्रमांक आणि मांडणीही स्वतःच ठरवतं. मी त्याच नियमाची मुद्दाम सात वर्तुळांची वेडीवाकडी आकृती काढली, बटण दाबलं. तीन. तेच क्रमांक, तीच मांडणी. दुसरी काढली. पुन्हा तीच तीन. कुणी कशीही काढा, एका नियमाची सगळ्यात लहान आकृती एकच निघते.

"तुझी फाइल दाखव की," मी म्हटलं. तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. तिची मूळ आकृती चार वर्तुळांची होती. बटण तिनंही दाबलं होतं.

सोमवारी सरांना दाखवलं. त्यांनी स्वतः एक आकृती काढून बटण दाबलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मीच शिकवलंय हे, तरी लक्षात आलं नाही." दोघींनाही पूर्ण मार्क दिले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सरनं निदान इचारलं तरी. तू तर इचारलंबी न्हाईस."

मी माफी मागितली. "व्हय, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात तिनं खोली बदलली. बसस्टँड जवळ पडतंय, असं कारण सांगितलं. तिथून बसस्टँड खरंच जवळ होतं. तरी ते कारण मला अजून पटलेलं नाही.