नकाशात नसलेली खिडकी

आभा जेवताना बोलेनाशी झाली, हे शोभनाला दोन आठवडे डाचत होतं. ताटातली भाजी चिवडायची, "आय अ‍ॅम फाइन, आई" म्हणायची आणि उठून जायची.

एरवी ही पोर गप्प बसणारी नव्हे. जन्म शारजातला, शिक्षण इथलंच, आणि नोकरी दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या एका छोट्या ऑफिसात. तिथे बसून ती इंग्लंडमधल्या घरांचे नकाशे काढायची. कुणाला मागे खोली वाढवायची असते, कुणाला गॅरेज पाडून घर बांधायचं असतं. परवानगीचा अर्ज तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे जातो, पण कागद तयार होतात आभाच्या टेबलावर. पाच वर्षांत हॅझलकोट नावाच्या एकाच खेड्याचे पंचवीस-तीस अर्ज तिच्याकडे आले. कौन्सिलच्या वेबसाइटवर जुने अर्जही असतात. ते वाचून वाचून तिला ते गाव पाठ झालं. सफरचंदांची बाग तोडून तिथे चोवीस घरं कशी उठली, चर्चमागच्या शेताला तीनदा नकार मिळून चौथ्यांदा परवानगी कशी मिळाली, कुणी कुणावर हरकत घेतली, सगळं ती आमटी-भात कालवता कालवता सांगायची. राजाभाऊ लेकीला चिडवायचे, "काय सरपंचबाई, आज गावात कुणाची भिंत वाढली?" ते गाव तिने कधी पाहिलं नव्हतं. भाड्याच्या फ्लॅटांत वाढलेल्या मुलीला निदान कुठलं तरी गाव मिळालं, असं शोभनाला वाटायचं.

मग तो अर्ज आला. एका घराला बाजूने दुमजली खोली वाढवायची होती. घाई होती, म्हणून शेजारच्या घराची बाजू आभाने १९६१च्या नकाशावरून जशीच्या तशी उतरवली. त्यात कोरी भिंत होती. अर्ज गेल्यावर तिला शेजारणीचाच १९७८चा अर्ज सापडला. त्याच भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी, मंजूर झालेली. त्या स्वयंपाकघराला उजेड यायला तेवढी एकच. नवी भिंत उठली की खिडकीसमोर चार फुटांवर विटा. शेजारीण ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी. तिची हरकत काही आली नव्हती.

"कौन्सिलचा माणूस बघायला येत नाही का गं?" शोभनाने विचारलं होतं.

"फोटोज बघतात. आम्ही पाठवतो ते. त्यात खिडकीसमोर झुडूप आडवं आलंय."

"आणि तुझे साहेब?"

"नीरव सर म्हणाले, ऑब्जेक्शन नहीं आया ना? खलास. क्लायंट को मत डराओ." आभाने ताट बाजूला सारलं. "मी डायरेक्ट कौन्सिलला मेल करू, आई? बरोबर नकाशा लावून?"

"नोकरी जाईल."

"मेबी."

"आणि आमचा व्हिसा?"

राजाभाऊ निवृत्त झाल्यापासून दोघांचा व्हिसा लेकीच्या नोकरीवर होता. आभा उठली. "ओके," म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला. हॅझलकोटही संपलं.

आज सकाळी आभा कामावर गेल्यावर राजाभाऊ चहा घेता घेता म्हणाले, "त्या अर्जाचा निकाल आज दुपारी ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. मी म्हटलं, मेल का नाही केलीस? तर म्हणाली, आईला भीती वाटते."

शोभनाने भांडी घासता घासता नळ बंद केला. "अहो, व्हिसा गेला असता तर?"

"तर नाशिकला गेलो असतो. तिथे काय वाघ आहेत?"

तिला हसू आलं नाही. पोर घाबरली नव्हतीच. भीती शोभनाची होती. तीच तिने लेकीच्या ताटात वाढली, आणि लेकीने निमूट गिळली. कुठल्याशा म्हातारीचा उजेड आपण आपल्या व्हिसासाठी विकला, असं आभाला वाटत असेल का? वाटत असलं तर त्यात चूक काय होतं? आता मेल गेली तरी लेक आपल्याला पूर्वीसारखं विचारायला येईल, याची खात्री नव्हती.

आठ वाजले होते. आभाच्या ऑफिसची व्हॅन दुबईच्या रस्त्यावर गर्दीत अडकलेली असणार. इंग्लंडात अजून उजाडलं नव्हतं. कौन्सिलचं ऑफिस उघडायला पाच तास होते. शोभनाने ओले हात पुसले आणि फोन उचलला. मेल कर, आमचं आम्ही बघू, एवढंच तिला सांगायचं होतं.